आधी भाडेकरू, मग घर

बरं झालं, टोकनचे पैसे द्यायच्या आधी विचारलंस. चेन्नईत गिंडीच्या आसपास एखादा छोटा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. आपल्याकडे बाईच्या नावावर सोनं असतं, घर क्वचित असतं. तुझ्या नावावर ते असावं असं मला फार वाटतं, म्हणूनच जरा सविस्तर सांगते.

सध्या आणखी घरं बघत फिरू नकोस. घरात राहणार कोण, ते आधी ठरव. गिंडी म्हटलं की आयआयटी आणि अण्णा युनिव्हर्सिटी आठवते, आणि वाटतं, विद्यार्थ्यांची रांग लागेल. पण आयआयटीची मुलं कॅम्पसमधल्या हॉस्टेलात राहतात, त्यांच्या भरवशावर गणित मांडू नकोस. इथला खरा भाडेकरू नोकरदार आहे. कुणी १९५८ साली उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर असतो, कुणी ऑलिंपिया टेक पार्कमध्ये कामाला जाते, कुणी किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात २०२३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. ऑलिंपियातल्या जोडप्याला लिफ्ट आणि गाडीची जागा हवी असते. सुपरवायझरच्या कुटुंबाला हवी असते शाळा, बाजार आणि चालत गाठता येईल असं लोकलचं किंवा मेट्रोचं स्टेशन. एकच घर दोघांनाही आवडेल असं धरून चालू नकोस. मला विचारशील तर दुसऱ्या प्रकारचं कुटुंब बघ. मुलांची शाळा असली की लोक वर्षानुवर्षं घर बदलत नाहीत, आणि एका घराच्या मालकिणीला त्याहून मोठा दिलासा नाही.

आता पैशांचं. समज, साठ लाखांचा जुना फ्लॅट आहे आणि त्याला सोळा हजार भाडं येतं. तमिळनाडूत जुन्या फ्लॅटच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी फी २ टक्के लागते, म्हणजे ५ लाख ४० हजार झाले. महाराष्ट्रात नोंदणी फी तीस हजारांवर थांबते, इथे तशी मर्यादा नाही. बँक घराच्या किमतीच्या फार तर ८० टक्के देईल, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे तुझ्या गाठीला सव्वासतरा लाखांच्या वर हवेत, वकील आणि दलाल वेगळे. अठ्ठेचाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंस तर हप्ता साडेएकेचाळीस हजारांवर जातो. भाडं सोळा. उरलेले साडेपंचवीस हजार दर महिन्याला पगारातून जाणार, आणि घर रिकामं असेल त्या महिन्यात सगळेच. ‘भाड्यातच हप्ता फिटेल’ असं दलाल म्हणतो, त्याच्यापुढे हे आकडे कागदावर मांड.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्शावर जात असेल तर आणखी थांब, रक्कम साठव, किंवा वन-बीएचकेने सुरुवात कर. सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय सही करू नकोस. आणि नवी करपद्धत निवडली असशील तर भाड्याहून व्याज जास्त झाल्याने दिसणारा तोटा पगारातून वजा होत नाही, हेही धरून चाल.

यूडीएस हा शब्द इथे रोज ऐकशील. आपल्याकडे महाराष्ट्रात सोसायटी असते, जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून भांडण असतं. चेन्नईत फ्लॅटच्या खरेदीखतातच तुझ्या नावावर जमिनीचा अविभक्त वाटा चढतो, तोच यूडीएस. फ्लॅट जुना होतो, त्याची किंमत उतरते. किंमत वाढते ती या वाट्याची. आदंबाक्कम किंवा नंगनल्लूरमधल्या सहा-आठ बिऱ्हाडांच्या जुन्या बिल्डिंगीत तो वाटा उंच टॉवरपेक्षा बराच जास्त मिळतो, आणि पुढे बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली की तुझ्या पदरात काय पडणार ते त्यावरच ठरतं. भिंतींचा रंग बघून भुलू नकोस, यूडीएस किती चौरस फूट ते विचार.

कागदपत्रं दलालाच्या वकिलाकडून तपासून घेऊ नकोस. तमिळ वाचणारा वकील स्वतः शोध, कारण बरेच जुने दस्त तमिळमध्ये असतात. निदान तीस वर्षांचं विल्लंगम सर्टिफिकेट, म्हणजे बोजा-दाखला, मूळ दस्त, पट्टा आणि सीएमडीएचा, म्हणजे इथल्या विकास प्राधिकरणाचा, मंजूर नकाशा, सगळं त्याच्यासमोर ठेव. इथे बरेच मालक अमेरिकेत असतात. तसा विकणारा असेल तर मुखत्यारपत्र कोणाच्या नावे आहे ते बघ आणि पैसे देण्याआधी सीएला गाठ, कारण परदेशस्थाकडून घेताना टीडीएस नेहमीच्या एका टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त कापावा लागतो, आणि तो कापायची जबाबदारी तुझी.

आता पाणी. यावर मी हट्टीच आहे. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदीचं पाणी एक्काट्टुतांगल आणि सैदापेटच्या घरांत शिरलं. २०२३ मध्ये मिचाँग वादळात वेळच्चेरी बुडालं. आणि मधल्या २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव आटून लोक टँकरमागे घागरी घेऊन धावले. दोन्ही टोकं याच शहरात आहेत. तळमजला स्वस्त मिळतो तो उगाच नाही. तो घेऊच नकोस.

भाडेकरू मिळाला की करार तोंडी ठेवायचा नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपासून इथे नवा भाडेकायदा लागू आहे. करार लेखी हवा आणि रेंट अथॉरिटीकडे नोंदवायलाही हवा. अ‍ॅडव्हान्स म्हणून दहा महिन्यांचं भाडं घेण्याची चेन्नईची जुनी चाल आहे, कायद्याचं माप मात्र तीन महिन्यांचं. तू तीनच घे. ती रक्कम त्या माणसाची आहे, ती मोडू नकोस. कुणी म्हणेल, एकरकमी आठ-दहा लाख घे आणि भाडं घेऊच नकोस, ज्याला इथे लीज म्हणतात. नाही म्हण. ते पैसे तू कर्जात भरून टाकशील आणि करार संपल्यावर परत कुठून देशील? आणि हो, ‘फक्त अमुक जातीचे’, ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी तुझ्या दारावर मला दिसायला नको. आपण परमुलखात भाड्याची घरं शोधत वाढलो आहोत, नकार कसा लागतो ते तुला ठाऊक आहे.

टोकन द्यायचं म्हणतेस तो आदंबाक्कमचा फ्लॅट शनिवारी बघायला जाशील, तर खोल्या शेवटी बघ. आधी वॉचमनला सम्पचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, झाकण उघडायला लाव, मे महिन्यात किती टँकर लागतात ते विचार, आणि शेजारच्या बाईंना २०१५ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते विचार. त्या जिन्याची पायरी दाखवतील. तिचा फोटो मला पाठव, यूडीएसचा आकडाही पाठव, मग रात्री फोनवर बोलू.