वकील चांगला आहे हे कसं ओळखायचं?

उधारी वसुलीच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, "सर, वकील कसा निवडू?" चला, एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, तुमचा मसाल्याचा व्यवसाय आहे. एका दुकानदाराने दिलेला 80,000 रुपयांचा चेक बाउन्स झाला. तुम्ही वकिलांकडे कागद दिले. ते म्हणाले, "बघतो." नंतर ना त्यांचा फोन, ना तुमचा. घोळ इथेच होतो!

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 प्रमाणे, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस मिळतात. तरीही दिले नाहीत, तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. म्हणजे "बघतो" म्हणण्यात गेलेला प्रत्येक दिवस तुमच्या पैशांवर पाणी सोडतो.

म्हणूनच अशिलाला वकिलाकडून फक्त कायद्याचं ज्ञान नको असतं. त्याला या गोष्टी हव्या असतात:

1. तारीख. "नोटीस अमुक दिवशी जाईल" असं स्पष्ट सांगणारा आणि तसं करणारा वकील.

2. फीचा हिशोब. नोटिशीचे किती, प्रत्येक तारखेचे किती, टायपिंग-झेरॉक्स वेगळं का? हे आधीच लिहून घ्या. "वसुली झाली की त्यातले इतके टक्के" अशी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

3. खरं बोलणं. "केस शंभर टक्के जिंकून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. "तुमच्याकडे डिलिव्हरी चलन नाही, इथे आपण कच्चे आहोत" असं तोंडावर सांगणारा वकील तुमच्या कामाचा.

आता तुमची बाजू. बँकेचा रिटर्न मेमो आला की त्याच दिवशी वकिलांना द्या. माल परत आला होता, थोडे पैसे रोख मिळाले होते, हे लपवू नका. कोर्टात ते समोरचा काढतोच!

आजचा गृहपाठ: वरचे तीन मुद्दे तुमच्या ग्राहकाच्या नजरेने वाचा. ऑर्डर घेतल्यावर तुम्ही तारीख सांगता, की तुम्हीही "बघतो" म्हणता?