केसांवर खर्च करताय? आधी रक्त तपासून घ्या

केस गळायला लागले की आपल्याकडे खर्च उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी जास्वंदीचं तेल, मग नवा शांपू, मग मैत्रिणीने सुचवलेलं ऑनलाइन ‘हेअर किट’, मग पार्लरचा स्पा. सगळं करून दमल्यावर डॉक्टर, आणि त्यांनी लिहून दिली म्हणून रक्ततपासणी. तोवर आठ-दहा हजारांचा चुराडा झालेला असतो. तपासणी पहिली केली, तर बऱ्याच जणींचं काम अडीच-तीन हजारांत भागतं. पुढचे दर खासगी दवाखाने आणि लॅबमधले साधारण दर आहेत. एकाच तपासणीला दोन लॅबमध्ये दुपटीचा फरकही निघतो, म्हणून आधी फोन करून विचारा.

आता, गळती पोषणाच्या कमतरतेमुळे आहे की दुसऱ्या कशामुळे? दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. कमतरतेची गळती डोक्यावर सगळीकडून सारखी होते. वेणी बारीक होते, रबराला एक वेढा जास्त द्यावा लागतो. ती सुरूही उशिरा होते. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन किंवा लग्नाआधीचं कडक डाएट होऊन गेलं की दोन-तीन महिन्यांनी केस हातात यायला लागतात. त्यामुळे दोष मागच्या आठवड्यात बदललेल्या शांपूवर जातो आणि खरं कारण विसरलं जातं. जोडीला जोतिबाच्या पायऱ्या चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागत असेल, नखं मोडत असतील, तर लोहाचा संशय घ्यावा. भांग रुंद होत चाललाय, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर केस येतायत, हे प्रकरण हार्मोन्सचं. रुपयाएवढी गोल चकती पडली तर ती चाई. या दोन्हींत आहाराचे प्रयोग करत बसू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीकडे त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण ४०० ते ७०० रुपये धरा. तपासण्यांत पहिल्या फेरीला तीन पुरतात: सीबीसी (२०० ते ३५०), फेरिटिन (५०० ते ९००) आणि थायरॉइडची टीएसएच (२०० ते ३५०). यातली फेरिटिन कुणी सोडू नये. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात फिरणारं लोह, फेरिटिन म्हणजे कणगीत शिल्लक किती ते. कणगी आधी रिकामी होते, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून ‘हिमोग्लोबिन १२ आहे, सगळं ठीक’ हे वाक्य केसांच्या बाबतीत अपुरं आहे. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे असं बहुतेक डॉक्टर धरतात. मात्र अंगात ताप किंवा संसर्ग असताना हा आकडा खोटा वाढलेला येतो, तेव्हा बरं होऊन मगच रक्त द्या. बी-१२ (८०० ते १,२००) शाकाहारी असाल तर करावी. डी जीवनसत्त्व (१,००० ते १,६००) डॉक्टरांनी सांगितलं तरच. ‘हेअर प्रोफाइल’ नावाचं चार-पाच हजारांचं पॅकेज पुढे केलं जातं, त्यातल्या निम्म्या तपासण्या पहिल्या फेरीला लागत नाहीत.

एवढेही पैसे नसतील तर कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय असल्याने तिथे त्वचारोग विभाग आहे आणि खर्च खासगीच्या मानाने नगण्य. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, वेळ मात्र हाताशी ठेवा. गावाकडच्या बाईने तर शहरात यायचीही घाई करू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. फेरिटिन लहान केंद्रात होईलच असं नाही, हिमोग्लोबिन होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर विसंबू नका, ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

हा काही चार-दोघींचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून तर लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी सरकार फुकट देतं. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. दुकानातून घेतली तर साधी गोळी दोन-तीन रुपयांपासून मिळते, नामांकित कंपनीची दहा-पंधराला. जनऔषधी केंद्रात स्वस्तात काम होतं. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. डोस आणि किती दिवस घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. पाळीत फार रक्त जात असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, नाहीतर एकीकडून भरलेलं दुसरीकडून जात राहील.

जेवणाचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. कोल्हापूर म्हणजे मटण असं आपण छाती फुगवून सांगतो, पण रविवारी घरात मटण शिजतं तेव्हा फोडी कुणाच्या ताटात जातात ते एकदा बघा. पुरुष, पोरं, पाहुणे जेवून उठतात. वाढणारी बाई शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात तांबडा रस्सा आणि एखादं हाड उरलेलं असतं. लोह आणि प्रथिनं फोडीत असतात, रश्श्यात नाममात्र. कलेजी घेतलीत तर ती तिच्या ताटात आधी वाढा. गुळाचंही तसंच. आपला गूळ कितीही नावाजलेला असो, दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह मिळतं आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. शेंगदाणे, मटकी, चवळी, हरभरे, पालेभाजी आणि वर लिंबू, हा स्वस्त आणि खरा उपाय. रोज दोन अंडी खाल्ली तर महिन्याला चार-साडेचारशे रुपयांत जवळजवळ १२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जातात. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्यांनी दूध, शेंगदाणे, राजगिरा वाढवावा. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यात जमा आहेत.

आता पैसे कुठे घालू नयेत ते. बायोटिनच्या गोळ्या महिन्याला ४०० ते ८०० रुपये खातात, पण बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते. उलट त्या चालू असताना थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, तेव्हा घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा. पीआरपी या केसांच्या उपचाराच्या एका बैठकीला तीन ते सात हजार लागतात. ती अनुवंशिक टक्कलासाठी वापरतात, कमतरतेवर तिचा उपयोग नाही. ‘जास्त घेतलं तर जास्त फायदा’ हाही भ्रम आहे. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावागावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिंमतराव बावसकर यांना त्यांच्या तपासात रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण जास्त, तर रुग्णांच्या रक्तात झिंक कमी आढळलं. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत हेच सेलेनियम असतं. दोन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र घेऊ नका.

आता एकूण बेरीज: दोनदा डॉक्टरांची फी हजारभर, तीन तपासण्या साधारण बाराशे, तीन महिन्यांच्या गोळ्या दोनशे ते हजार. गळती थांबायला तीन ते सहा महिने जातात आणि केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतात, तेव्हा पंधरा दिवसांत फरक दाखवणाऱ्या जाहिरातीला पैसे देऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा लॅबमध्ये जाल तेव्हा सगळं पॅकेज करू नका, सीबीसी आणि फेरिटिन एवढंच मागा. जुना रिपोर्ट सोबत न्या आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये जा.