कड्यावरची पाकोळी आपल्या शाळेत

मित्रांनो, पुढे वाचायच्या आधी मान वर करा. व्हरांड्याच्या कोपऱ्यात, छताच्या खाली मातीची अर्धी वाटी चिकटवल्यासारखी दिसते ना? ते एका पक्ष्याचे घरटे आहे. हा पक्षी मूळचा डोंगराच्या कड्यावरचा. तो आपल्या शाळेत कसा आला, त्याची माहिती मी लिहिली आहे.

ओळख : आपल्या गावात याला पाकोळी म्हणतात. पण पाकोळ्या दोन प्रकारच्या असतात हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा कळलं. एक काळी असते. तिच्या शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो. ती पिसे आणि काड्या थुंकीने चिकटवून घरटे करते. तिचे पाय इतके लहान की तिला तारेवर बसता येत नाही. दुसरी आपली कड्यावरची पाकोळी. ही चिमणीपेक्षा थोडी लहान, आणि रंग सगळा धुरकट, चुलीमागच्या भिंतीसारखा. शेपटी पसरली की तिच्यात पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. ही बसू शकते आणि हळू आवाजात चिट्‌ चिट्‌ करते. शास्त्रात हिला बुलबुल आणि चिमणीबरोबर गाणाऱ्या पक्ष्यांत धरतात. विल्यम साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली या पक्ष्याचे वर्णन लिहिले. तो पक्षी त्याला आपल्या दख्खनमध्येच मिळाला होता.

जुने घर आणि नवे घर : डोंगराचे कडे आणि गुहा हे हिचे जुने घर. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत आणि किल्ल्यांच्या तटाला हिची घरटी असतात. आता ती पुण्या-मुंबईच्या इमारतींना आणि पुलांखालीसुद्धा घरटे करते. माझे मामा परभणीला राहतात. त्यांच्या शेजारच्या इमारतीच्या गॅलरीखाली मी दिवाळीत असेच घरटे पाहिले.

ती का येते? : मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, डोंगर सोडून ती इथं कामून येते?" गुरुजी लगेच उत्तर सांगत नाहीत. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. म्हणाले, "इकडं लिहा, कड्यावर तिला काय मिळतं. तिकडं लिहा, शाळेत काय मिळतं." आम्ही लिहिलं. कड्यावर पुढे आलेला दगड, शाळेला छत. दोन्हीकडे पाऊस लागत नाही. दोन्हीकडे मांजर पोचत नाही. दोन्हीकडे उडायला समोर मोकळं. शिवाय शाळेत हापशाजवळ चिखल आणि शेजारच्या गोठ्यात माश्या. ती उडता उडता माश्या आणि डास खाते. मग आम्हाला समजलं की पाकोळीला आपली शाळा म्हणजे एक कडाच वाटत असणार. पारवासुद्धा मूळचा कड्यावरचाच पक्षी आहे आणि आता गावोगाव राहतो.

दुसऱ्या देशात : अमेरिकेत जंको नावाचा चिमणीएवढा गाणारा पक्षी आहे. कॅलिफोर्नियात तो डोंगरातल्या जंगलात जमिनीवर घरटे करायचा. १९८० नंतर काही जंको सॅन डिएगो शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात घरटी करू लागले. डोंगरावर थंडी असते म्हणून तिथे ते उन्हाळ्यातच पिल्ले वाढवतात. शहराजवळ समुद्र आहे, हवा गरम आहे, म्हणून तिथे ते फेब्रुवारीपासूनच सुरू करतात. काही जंको जमीन सोडून झाडावर आणि इमारतीवर घरटे करायला लागले. शास्त्रज्ञांनी मोजलं तर शहरातल्या जंकोच्या शेपटीतला पांढरा रंगही डोंगरातल्यांपेक्षा कमी निघाला. जागा बदलली की पक्ष्याच्या सवयी बदलतात, आणि कधी कधी रूपही बदलतं.

माझी चूक : आता खरं सांगते. मागच्या वर्षी व्हरांडा झाडायची पाळी माझी होती. रोज तिथे विष्ठा पडायची, रोज मी झाडायची. एक दिवस राग आला आणि मी बांबूने घरटे पाडले. मला वाटलं रिकामं असेल. फरशीवर तीन अंडी फुटली. पांढरी होती, वर तपकिरी ठिपके. मी ती झाडून टाकली आणि कोणाला सांगितलं नाही. दोन्ही पाकोळ्या शाळा सुटेपर्यंत त्याच कोपऱ्यात येत होत्या आणि धरायला काही नाही म्हणून परत फिरत होत्या. आजीला रात्री सांगितलं. आजी रागावली नाही. नुसती म्हणली, "माय, तिनं एक एक घास माती आणली होती."

यंदाचे निरीक्षण : यंदा जुलैत पाकोळ्यांनी त्याच जागी पुन्हा घरटे केले. मी वहीत रोज लिहिलं. हापशाजवळून चोचीत चिखलाची गोळी आणायची, चिकटवायची, वाळू द्यायची. आत गवत आणि पिसे. पिल्ले झाल्यावर नर आणि मादी दोघेही चारा आणतात. एका मधल्या सुट्टीत मी १४ फेऱ्या मोजल्या.

पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेला रंग द्यायचं ठरलं. रंगारीकाका शिडी घेऊन आले तेव्हा घरट्यातून पिल्लांच्या चोची दिसत होत्या. मी गुरुजींना मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं आणि वही दाखवली. गुरुजींनी वही पूर्ण वाचली. मग काकांना म्हणाले, "तेवढा कोपरा सोडा." काका म्हणाले, "गुरुजी, ठिगळ दिसंल." गुरुजी म्हणाले, "दिसू द्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी पिल्ले उडाली. तरी संध्याकाळी ती झोपायला घरट्याजवळच येत. पाकोळी जुनं घरटं पुन्हा वापरते, म्हणून ते रिकामं झालं तरी आम्ही पाडलं नाही. खाली एक पोतं अंथरतो आणि आठवड्याला झटकतो. पोतं झटकायची पाळी मी मागून घेतली आहे.

स्वाध्याय :
१. तुमच्या घराला किंवा गोठ्याला कोणत्या पक्ष्याचे घरटे आहे? ते माती, काड्या की पिसांचे आहे?
२. एका तासात आई-बाप किती वेळा चारा आणतात ते लांबून मोजा. घरट्याला हात लावू नका.
३. घराला रंग किंवा चुना देणार असाल तर आधी वर बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, ता. जिंतूर, जि. परभणी