जुन्या मोटारीच्या तारा : दोषशोधन आणि नूतनीकरण



गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, डोंगर व जंगल ह्यांच्या कुशींत दरेकसा नांवाचें एक लहानसें गांव आहे. नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथून पुढें बोगद्यांत शिरतो. तेथील फलाटावर उभें राहून वर पाहिलें, तर एंजिनाच्या माथ्यावरील चौकट जिला घासत जाते ती तार दिसते. तिच्यांतून २५,००० व्होल्ट दाबाची वीज एंजिनास मिळते. परंतु विजेस जाण्याला एक वाट लागते, तशीच परत येण्यालाही एक लागते, हें आपण वर्गांत शिकलों आहों. मग परतीची तार कोठें आहे? ती वर शोधूं नये; खालीं पाहावें. रूळ हीच ती परतीची वाट होय.

मोटारगाडींतही हीच युक्ति योजलेली असते. बॅटरीच्या एका टोकापासून तार निघते व दिव्यापर्यंत जाते. दिव्यांतून बाहेर पडलेला प्रवाह गाडीच्या लोखंडी अंगांतून बॅटरीच्या दुसऱ्या टोकास परत येतो. ह्या जोडणीस कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. एवढी एक गोष्ट मनांत पक्की ठसली, म्हणजे जुन्या गाडीच्या विजेचे निम्मे घोटाळे उलगडतात. हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें खरें. परंतु तें आमच्या अंगीं बाणलें तें दरेकसा येथील एका रात्रीं.

घडलेला प्रसंग

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं १९६० नंतरच्या दशकांतील फियाट ११०० ही गाडी आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार झाली. हिचेंच पुढील रूप ‘पद्मिनी’ होय. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धांवणाऱ्या पद्मिनीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला. परंतु हौसेनें जतन केलेल्या अशा गाड्या गांवोगांवीं अद्याप आढळतात.

माघी पौर्णिमेचे दिवस होते. कचारगडच्या गुहेंतील यात्रेसाठीं दूरदूरचे गोंड बांधव येत होते व जंगलांतील रस्त्यानें पायीं चालत होते. आम्ही, आमचा तो विद्यार्थी व त्याच्या वृद्ध मातोश्री असे तिघे सालेकशाहून रात्रीं परत येत होतों. गाडीचे पुढचे दिवे प्रथमपासूनच पिवळट जळत होते. एका वळणापाशीं जळक्या रबराचा वास आला, पुढील फळीखालून धूर निघूं लागला आणि क्षणार्धांत सगळे दिवे विझले. समोर यात्रेकरूंचा जथा होता. आमच्या विद्यार्थ्यानें करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हां मूल कडेवर घेतलेली एक बाई आमच्यापासून चार हातांवर उभी होती. आम्हीं धांवत जाऊन बॅटरीची जोडणी काढून टाकली, तेव्हां कोठें धूर थांबला. मातोश्री गाडींतून उतरल्या व एवढेंच म्हणाल्या, “बाळा, हिला आतां नीट केल्याशिवाय रात्रीची बाहेर काढूं नको.”

दोष कोठें होता?

दुसऱ्या दिवशीं उजेडांत आम्हीं सर्व तारा उघडून पाहिल्या. दोष एक नव्हता. दोन होते, आणि त्यांवर मनुष्याच्या घाईचा एक तिसरा होता.

पहिला दोष पुढच्या दिव्यांचा. ते मंद जळतात म्हणून पूर्वीं बल्ब बदलले होते, मागाहून बॅटरीही नवी घातली होती. परंतु गुण आला नव्हता. आम्हीं वळण दाखविणारा दिवा लावून पाहिला, तों त्याच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर शेजारचा मोठा दिवाही अधिकच मंद होई. दोन दिवे असे एकमेकांशीं बांधल्यासारखे वागूं लागले, म्हणजे दोघांची परतीची वाट बिघडली आहे असें समजावें. पाहतों तों, ज्या स्क्रूनें अर्थिंगची तार पत्र्यास जोडली होती, त्याच्याखालीं गंजाचा थर जमला होता.

हा गंज किती नुकसान करितो, तें गणितानें पाहा. १२ व्होल्टवर ४५ वॅटचा दिवा ३.७५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे जळतांना त्याचा रोध ३.२ ओहम असतो. वाटेंत केवळ अर्ध्या ओहमचा गंज आला, कीं प्रवाह सुमारें ३.२ अँपिअरवर येतो व दिव्यास १० व्होल्टांहून थोडेंच अधिक मिळतात. दाब सातव्या हिश्श्यानें घटला. परंतु उजेड त्याहून पुष्कळच अधिक, सुमारें दोन-पंचमांश, घटतो. शिवाय त्या गंजलेल्या सांध्यांत पांच वॅटांची उष्णता निष्कारण निर्माण होते व सांधा अधिकच जळत जातो.

दुसरा दोष मागील लाल दिव्याच्या तारेंत होता. सामानाच्या कप्प्यांत उंदरांनीं तिचें वेष्टन कुरतडलें होतें व उघडें तांबें पत्र्यास टेकत होतें. त्यामुळें फ्यूज वारंवार जळे. हा फ्यूजचा दोष नव्हे; तो आपलें कर्तव्य बजावीत होता. परंतु वारंवार फ्यूज घालण्यास कंटाळून एका कारागिरानें त्यावर सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून ठेविला होता. हाच तो तिसरा दोष. आठ अँपिअरला तुटावयाचें तें तुटलें नाहीं. प्रवाह बेसुमार वाढला, तार तापून लाल झाली आणि तिनें शेजारच्या सर्व तारांचीं वेष्टनें वितळविलीं. तीच जुडी पुढें पेट्रोलच्या टाकीजवळून जाते, हें लक्षांत आलें तेव्हां आमच्या अंगावर कांटा उभा राहिला.

शोधण्याची रीत

जुन्या तारा कशानें निकामी होतात? पूर्वींच्या गाड्यांतील वेष्टन रबराचें व त्यावर सुती विणीचें असे. रबर वाळून तडकतें. मागाहून आलेलें प्लास्टिकचें वेष्टनही एंजिनच्या उष्णतेनें कडक होतें. तांबें काळें वा हिरवें पडतें, सांधे सैल होतात. म्हणून दोष बहुधा तारेच्या मध्यभागीं नसून तिच्या टोकांशीं, बिजागरीपाशीं अथवा पत्र्याच्या भोकांतून ती जाते तेथें असतो. शोध पुढील क्रमानें करावा.

१. प्रथम बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यांत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविल्यास ती अर्धी रिती समजावी.

२. दिवा जळत असतांनाच अर्थिंग तपासावें. मीटरचें एक टोक बॅटरीच्या अर्थिंगकडील खुंटीस व दुसरें दिव्याच्या धातूच्या बैठकीस लावावें. दोन-तीन दशांश व्होल्टांहून अधिक कांटा हलला, तर परतीच्या वाटेंत अडथळा आहे. आमच्या फियाटींत तो दीड व्होल्टांच्या पलीकडे गेला होता. दिवा बंद ठेवून ही परीक्षा केल्यास कांहींच कळत नाहीं, कारण प्रवाह नसेल तेथें अडथळाही दिसत नाहीं.

३. फ्यूज वारंवार जळत असल्यास त्याच्या जागीं २१ वॅटचा एक दिवा जोडावा. तार कोठें तरी पत्र्यास टेकलेली असेल, तर हा दिवा पूर्ण तेजानें जळतो. परंतु पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊं देत नाहीं, म्हणून तार सुरक्षित राहते. मग एकेक शाखा सोडवीत जावें. जी सोडवितांच दिवा विझेल, तींत दोष आहे.

४. उभ्या गाडीची बॅटरी रात्रींत उतरत असेल, तर सर्व कळा बंद करून बॅटरीच्या एका जोडणींत अँपिअर मोजणारें मीटर घालावें व एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढतांच कांटा खालीं येईल, त्या वाटेनें वीज गळत आहे.

नवीन तारा घालणें

एखादा सांधा बिघडला असेल, तर तेवढाच दुरुस्त करावा. परंतु तार वांकवितांच वेष्टनाच्या खपल्या पडूं लागल्या, तर ठिगळें लावण्यांत अर्थ नाहीं. संपूर्ण जुडीच बदलावी. आम्हीं तसेंच केलें. आधीं बॅटरीची अर्थिंगकडील जोडणी काढली. सर्व काम उरकल्यावर तीच शेवटीं जोडली. एकही तार कापण्यापूर्वीं प्रत्येकीस चिठ्ठी बांधली, कागदावर नकाशा काढला आणि जुनी जुडी अखंड बाहेर काढून लांकडी फळीवर खिळ्यांच्या आधारें पसरली. तिच्याच मापानें नवी जुडी बांधली.

रंगांचा क्रम मोडूं नये. लूकस पद्धतीच्या इंग्रजी गाड्यांत तपकिरी तार बॅटरीकडून येते, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची व काळी अर्थिंगची असते. इटालियन फियाटींत हा क्रम लागू पडत नाहीं. तेथें त्या गाडीचाच नकाशा पाहावा. तसेंच कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोक अंगास जोडलेलें असतें, ऋण नव्हे. हें न पाहतां नवीन साधन जोडल्यास तें तत्काळ जळतें.

तार अनेक बारीक धाग्यांची, तांब्याची असावी. एकाच जाड धाग्याची घरगुती तार हादऱ्यांनीं तुटते. लहान दिव्यांस १ चौरस मिलिमीटर, मोठ्या दिव्यांस २.५ व डायनामोकडून येणाऱ्या तारेस निदान ४ चौरस मिलिमीटर जाडी असावी. सांधे पीळ देऊन व पट्टी गुंडाळून करूं नयेत. योग्य टोपण दाबून बसवावें. पत्र्याच्या भोकांत रबरी कडें घालावें. अर्थिंगच्या जागेवरील रंग व गंज चकचकीत धातु दिसेपर्यंत खरवडून मग स्क्रू आवळावा व वरून ग्रीस लावावें. मोठ्या दिव्यांचा प्रवाह जुन्या कळींतून न नेतां रिलेमधून न्यावा, म्हणजे कळही वांचते व उजेडही वाढतो.

आणि फ्यूज? तो दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. तार सहन करील त्याहून कमी प्रवाहावर तो तुटला पाहिजे. हा नियम मोडणारा मनुष्य गाडी दुरुस्त करीत नाहीं. आगीस आमंत्रण देतो.

जुनेपणाच्या अभिमानानें कोणी म्हणेल कीं, मूळच्या तारा काढल्यास गाडीचें मोल जातें. भारत सरकारनें २०२१ सालीं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत सांगाडा, कवच व एंजिन ह्यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. तडकलेलें रबर जपा असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. जुन्या रूपाची हौस असल्यास नव्या तारेवर सुती वीण चढवितां येते.

तीन दिवसांनीं संध्याकाळीं आम्हीं दिवे लावले. अंगणापलीकडील मोहाच्या झाडाचें पान न् पान दिसूं लागलें. मातोश्रींनीं गाडीस कुंकवाचें बोट लाविलें व त्या स्वतःच पुढील आसनावर जाऊन बसल्या.

विद्यार्थ्यांनो, दिवा विझला म्हणजे आपली दृष्टि दिव्याकडेच जाते. दोष मात्र पुष्कळदां जी वाट डोळ्यांस दिसत नाहीं तींत असतो. म्हणून आधीं मोजावें, मग बदलावें. आणि जो फ्यूज वारंवार तुटून आपणांस सावध करीत असतो, त्याचें तोंड बंद करूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. १२ व्होल्ट, २१ वॅटच्या दिव्यांतून किती प्रवाह जाईल व त्याचा रोध किती?

२. दिवा बंद असतांना अर्थिंगचा दोष मीटरवर कां दिसत नाहीं?

३. आपल्या घरांतील एका फ्यूजवर किती अँपिअर लिहिलें आहे तें वडील मंडळींच्या समक्ष पाहा व तेवढेंच कां, तें वर्गांत सांगा.