दुसऱ्याच्या संकेतस्थळात हात घालताना

मीरा रोड (पूर्व)

चि. बाळास,


तुझा निरोप मिळाला. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्याचं संकेतस्थळ तुझ्याकडे आलं आणि पाठोपाठ उत्तनच्या सुक्या मासळीचंही काम ठरलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारतोस की मेनूत व्यापाऱ्यांसाठी लॉगिनची लिंक घालायची आहे आणि मालकाच्या ॲडमिनमधल्या नको त्या गोष्टी लपवायच्या आहेत, तर कोणता स्निपेट, म्हणजे कोडचा तयार तुकडा, चिकटवू? स्निपेट दहा ओळींचा असतो आणि शोधला की मिळतो. पण त्या दहा ओळींवर उद्या कोणाचा तरी धंदा चालणार आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मला सांगायचं ते एकच आहे. तू घातलेली प्रत्येक ओळ तुझ्या माघारी दुसऱ्याला समजली पाहिजे, वापरता आली पाहिजे आणि वेळ आली तर काढताही आली पाहिजे. ही संकेतस्थळं ज्यावर उभी आहेत त्या वर्डप्रेसचा जन्मच अशा समजण्याजोग्या कोडमधून झाला आहे. मिशेल वाल्ड्रिघी यांनी लिहिलेलं बी-टू नावाचं सॉफ्टवेअर मागे पडलं, तेव्हा मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तो कोड उचलून पुढे नेला आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. परवाना जीपीएल होता, म्हणजे कोड वाचायला, बदलायला, पुढे वाटायला मोकळा होता. म्हणूनच ते शक्य झालं. आज तू ज्यावर पोट भरणार आहेस ते कोणीतरी दुसऱ्यासाठी वाचण्याजोगं लिहून ठेवलं होतं, हे विसरू नकोस.

आता कामाचं बोलू. कोडला हात लावण्याआधी पाहा, की कोड हवाच आहे का. 2010 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून मेनू पडद्यावरच बनवता येतो. लिंक नव्या टॅबमध्ये उघडणं किंवा एखाद्या नोंदीला वेगळा सीएसएस क्लास देणं यासाठीही कोड लागत नाही. त्या सोयी मेनूच्या पानावर वरच्या 'स्क्रीन ऑप्शन्स'मध्ये दडलेल्या असतात, तिथे खूण केली की दिसतात. जे खूण करून होतं त्यासाठी स्निपेट घालणं म्हणजे मालकाच्या गळ्यात विनाकारण देखभाल अडकवणं.

दुसरं, थीम कोणत्या पिढीची आहे ते बघ. जानेवारी 2022 मध्ये 5.9 आवृत्तीबरोबर संपूर्ण साइट ब्लॉकने बांधण्याची सोय आली. अशा ब्लॉक थीममध्ये मेनू म्हणजे नॅव्हिगेशन ब्लॉक. 'डब्ल्यूपी_नॅव्ह_मेनू_आयटम्स' या फिल्टरवर बेतलेले जुने स्निपेट तिथे चालत नाहीत. चूकही दाखवत नाहीत, नुसते गप्प बसतात. मुलं मग तास न् तास ओळी बदलत राहतात आणि दोष मात्र ओळींचा नसतो.

जुन्या पद्धतीची थीम असेल तर तो फिल्टर वापर, पण तीन गोष्टी सांभाळ. फिल्टरमध्ये आलेली वस्तू काम करून परत द्यावीच लागते. 'रिटर्न' राहिलं की तुझी लिंक तर दिसणार नाहीच, पण मालकाचा अख्खा मेनू नाहीसा होईल. मेनूची जागा तपासून मगच लिंक जोड, नाहीतर ती तळाच्या मेनूतही उगवते. आणि फंक्शनच्या नावाला स्वतःचं काही आद्याक्षर लाव. 'ॲड_लॉगिन_लिंक' असं नाव आणखी कोणत्याही प्लगइनमध्ये असू शकतं, आणि एकाच नावाची दोन फंक्शन्स समोरासमोर आली की साइट तिथेच बंद पडते.

लिंकचा पत्ता हाताने लिहू नकोस. 'होम_यूआरएल' आणि 'डब्ल्यूपी_लॉगिन_यूआरएल' ही फंक्शन्स त्यासाठीच आहेत. उद्या डोमेन बदललं तर हाताने लिहिलेले पत्ते एकेक शोधत बसावे लागतात. पडद्यावर जाणारा प्रत्येक पत्ता 'ईएससी_यूआरएल'मधून आणि प्रत्येक मजकूर 'ईएससी_एचटीएमएल'मधून गाळून घे. घाई कितीही असली तरी ही सवय सोडू नकोस, कारण न गाळलेल्या मजकुरातूनच परक्या माणसाचा कोड पानात शिरतो.

मराठी पानांच्या लिंकबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पानाचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस त्यातूनच पत्ता बनवतो. आत साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, टक्क्यांच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांचं होतं आणि पत्त्याच्या त्या भागाला मर्यादा आहे 200 चिन्हांची. म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं. शिवाय अशी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की पुष्कळदा टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि ती पाहून गिऱ्हाईक बिचकतं. शीर्षक खुशाल मराठीत ठेव, पत्ता मात्र रोमन लिपीत आखूड करून दे. आणि हे पान लोकांपर्यंत पोचण्याआधी कर. नंतर बदललास तर आधीच वाटलेली लिंक जुनीच राहते आणि तिच्यासाठी रीडायरेक्टची काळजी वाहावी लागते.

मेनूत काय असावं हे ठरवताना कोडपेक्षा गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आण. भांड्यांच्या गाळ्याकडे बाहेरगावचा व्यापारी येईल. त्याला माल, दर आणि पत्ता हवा असतो. आपल्या शहरात रेल्वेच्या एका बाजूला पूर्व, दुसऱ्या बाजूला पश्चिम, म्हणून पत्त्यात ते ठळक लिही आणि नकाशाची लिंक जोड, नाहीतर टेम्पोवाला भलत्याच बाजूला उतरतो. उत्तनच्या मासळीचं पान बहुतेक जण मोबाइलवर बघतील. मोबाइलवर मेनू तीन रेघांच्या बटणात मिटतो, म्हणून फोन नंबर त्या बटणाबाहेर ठेव आणि बोट लावताच फोन लागेल अशी लिंक दे. लिंकवर 'इथे क्लिक करा' लिहू नकोस, 'बोंबिलाचे दर' असं लिही. जे अंध वाचक स्क्रीन रीडरने पान ऐकतात, ते पुष्कळदा नुसत्या लिंकची यादी ऐकत पुढे जातात. त्यांना दहा वेळा 'इथे क्लिक करा' ऐकून काय कळणार?

स्निपेट कुठे ठेवायचा, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. मूळ थीमच्या 'फंक्शन्स.पीएचपी' फाइलमध्ये ठेवलास तर थीमचं पुढचं अपडेट येताच तो पुसला जाईल. चाइल्ड थीममध्ये ठेवलास तर अपडेटमध्ये टिकेल, पण मालकाने थीम बदलली की जाईल. म्हणून दिसण्याशी संबंधित तेवढं चाइल्ड थीममध्ये ठेव आणि कामाशी संबंधित सगळं एका छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये. प्लगइन म्हणजे काही अवघड नाही. 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये एक फाइल, तिच्या माथ्यावर नाव सांगणारी टीप, की झालं. मग ते यादीत दिसतं, आणि उद्या गडबड झालीच तर एका बटणाने बंद करता येतं. प्रत्येक फंक्शनच्या वर मराठीत दोन ओळी लिही: हे कशासाठी, कोणी सांगितलं म्हणून, आणि काढलं तर काय बिघडेल.

आता ॲडमिनबद्दल. 'रिमूव्ह_मेनू_पेज' वापरून प्लगइन किंवा सेटिंग्जची नोंद डावीकडून काढता येते, पण ती फक्त नजरेआड होते. ज्याच्याकडे अधिकार आहे तो पत्ता टाइप करून थेट त्या पानावर जातो. लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. खरं कुलूप भूमिका आणि अधिकार यांचं असतं. वर्डप्रेसमध्ये व्यवस्थापक, संपादक, लेखक, योगदानकर्ता, सदस्य अशा पायऱ्या तयार आहेत. रोज दर बदलणाऱ्या माणसाला संपादक कर. त्याला पानं आणि नोंदी हाताळता येतील, प्लगइन बसवता येणार नाहीत, थीम बदलता येणार नाही. त्याला मेनूही बदलायचा असेल तर 'एडिट_थीम_ऑप्शन्स' हा अधिकार जोडावा लागतो. पण त्याबरोबर थीमच्या दिसण्याच्या इतर सोयीही त्याच्या हाती येतात, म्हणून खरंच गरज आहे का ते आधी विचार. भूमिकेत जोडलेला अधिकार डेटाबेसमध्ये लिहिला जातो, म्हणून ते काम प्लगइन चालू होताना एकदाच कर, प्रत्येक पानावर नको. आणि मालकाचं स्वतःचं व्यवस्थापकाचं लॉगिन कधीही काढून घेऊ नकोस. मालमत्ता त्याची आहे.

गाळ्यातल्या हिशेबनिसाला इंग्रजी पडदा जड जात असेल तर त्यासाठी एक ओळही लिहू नकोस. डिसेंबर 2016 च्या 4.7 आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या प्रोफाइलमध्ये आपली भाषा निवडता येते आणि वर्डप्रेसचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. मालक इंग्रजीत आणि हिशेबनीस मराठीत, एकाच साइटवर सुखाने काम करतील. अनुवादात एखादा शब्द खटकला तर सुधारणा सुचवण्याची सोयही सगळ्यांसाठी खुली आहे. तुझं मराठी चांगलं आहे, तिथे हातभार लाव.

चिकटवण्याआधी स्निपेट वाच. ज्या ओळीचा अर्थ तुला सांगता येत नाही ती दुसऱ्याच्या साइटवर घालायची नाही, मग ती कोणा जाणत्याने दिलेली असो वा एआयने लिहिलेली. जुन्या स्निपेटमध्ये 'क्रिएट_फंक्शन' दिसलं तर थांब. नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या पीएचपी 8.0 मधून ते काढून टाकलं आहे. सुबक वळलेली अवतरणचिन्हं नक्कल होऊन आली तरी पीएचपी अडतं. 'इव्हॅल' किंवा 'बेस64_डीकोड' अशा शब्दांमागे अगम्य अक्षरांची रांग असेल तर तो स्निपेट सरळ टाकून दे.

आणि आधी साइटच्या प्रतीवर करून बघ. फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरचा पासवर्ड हाताशी असल्याशिवाय चालू साइटला हात लावायचा नाही. मे 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून साइट कोसळली तर दुरुस्तीची लिंक ईमेलने येते, पण ती येते साइटच्या ॲडमिन ईमेलवर. तो पत्ता जुन्या डेव्हलपरचा असेल तर मदत भलत्याच घरी पोचते. काम हाती घेताच तो पत्ता तपास. डोमेन आणि होस्टिंग मालकाच्याच नावावर आहे ना, तेही बघ, नसेल तर त्याला स्पष्ट सांग.

आता पुढच्या कामांबद्दल. आपल्या मीरा-भाईंदरची 1985 मध्ये नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. इथे मिठागरं होती, मासेमारी आहे, गाळ्यांमधले कारखाने आहेत, आणि यातल्या कितीतरी जणांना साधं, नीट चालणारं संकेतस्थळ हवं आहे. तुला कामाची वाण पडणार नाही. पण एका गाळ्यातलं बोलणं शेजारच्या गाळ्यात जायला वेळ लागत नाही. साइट सोपवून निघून गेलेला मुलगा फोन उचलत नाही, अशी ख्याती झाली की ती पुसत नाही.

तेव्हा प्रत्येक काम सोपवताना मालकाला मराठीत एक पान लिहून दे: कोणते बदल केले, कुठे ठेवले, बंद कसे करायचे, कोणाकडे कोणता अधिकार आहे. ते पान वाचून दुसरा कोणीही काम पुढे नेऊ शकेल याची भीती बाळगू नकोस. असं पान देणाऱ्याकडेच लोक पुन्हा येतात. भांड्यांच्या साइटचं प्लगइन लिहून झालं की चालू करण्याआधी फाइल मला पाठव. मी प्रत्येक ओळ वाचीन, आणि प्रत्येक ओळ का आहे ते तुला विचारीन. उत्तरं तयार ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा