विविधतेचं चित्र काढायचं, पण कुणाकडे बघून?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळेने ‘विविधता’ या विषयावर गटाने कलाप्रकल्प करायला सांगितलाय. जवळपास सगळ्या गटांनी एकच चित्र ठरवलंय : भारताचा नकाशा आणि त्यात हात धरून उभी असलेली फेटेवाली, टोपीवाली, पगडीवाली मुलं. दरवर्षी हेच येतं. नाशिकपुरतं पाहिलं तर याहून वेगळं काही निघेल का?
– एक पालक, नाशिक रोड

उत्तर : निघेल, आणि भरपूर निघेल. त्या नकाशात गैर काही नाही, पण तो काढताना मुलांना कुणाकडे पाहावंच लागत नाही. फेटा कुणाचा, पगडी कुणाची, हे पाठ असतं. माणूस समोर नसला तरी चित्र पुरं होतं. ज्या चित्रासाठी कुणाला एक प्रश्नही विचारावा लागला नाही, ते विविधतेचं चित्र मला अपुरं वाटतं.

सुरुवात वर्गातच करता येईल. रंगखडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो. मुलं त्याला सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतात आणि चित्रातल्या प्रत्येक माणसाला तोच फासतात. वर्गात तो रंग शोधून पाहा, क्वचितच कुणाचा सापडेल. त्याऐवजी पोस्टर कलर घ्या : यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा आणि अगदी थोडा निळा. शेजारी बसणाऱ्याच्या मनगटाजवळ कागद धरायचा आणि त्याचा रंग जुळवायचा. निळा किंचित जास्त झाला की रंग मळतो, मग परत सिएना, परत ऑकर. दुसऱ्याच्या हाताकडे इतका वेळ, इतक्या बारकाईने पाहायची वेळ मुलांवर एरवी येत नाही. सगळ्यांच्या पट्ट्या ओळीने चिकटवल्या की प्रकल्पाचं पहिलं पान तयार.

मग पांडवलेण्यांवर जा. मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा हा डोंगर म्हणजे जुन्या लेखांतला त्रिरश्मी. इथे चोवीस लेणी आहेत. शाळेच्या सहली मूर्तींसमोर फोटो काढून उतरतात आणि भिंतींवरचे ब्राह्मी लेख तसेच राहतात. खरा खजिना तिथे आहे, कारण ही लेणी कुणाच्या पैशातून झाली ते त्यात लिहिलंय. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा यवन, म्हणजे ग्रीक, आहे, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा. त्याने आईवडिलांसाठी हे लेणं खोदवलं, आणि त्याच्या मुलाचं नाव धम्मरक्षित. आठव्या लेण्यात मुगूदास नावाचा मासे धरणारा कोळी आहे. दहाव्यात विष्णुदत्ता भेटते, शक अग्निवर्म्याची मुलगी. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी तिने गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही होती. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे. राजाराण्यांची नावं पाठ्यपुस्तकांत येतात. कोळ्याचं आणि ठेव ठेवणाऱ्या बाईचं नाव मुलांना इथेच वाचायला मिळेल.

प्रत्येक मुलाने एक दाता निवडावा. त्यांचे चेहरे आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून कल्पनेने दाढीमिशा चिकटवू नयेत. मुगूदासाचं जाळं काढा, विष्णुदत्तेसाठी औषधाचा खल, तेल्यांसाठी घाणा. बाजूने ब्राह्मी अक्षरं बघून उतरवायची. भिंतीला कागद लावून घासायचं मात्र नाही, ते संरक्षित स्मारक आहे.

शरणपूर रोडवरून तर तुमची मुलगी कित्येकदा गेली असेल. एकोणिसाव्या शतकात तिथे ख्रिस्ती मिशनची वसाहत होती, आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जात असताना इंग्रजी नौदलाने सोडवलेली मुलं तिथे वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना आपल्या शहराच्या नावाने ‘नासिक बॉइज’ म्हणतात. त्यांतले काही डेव्हिड लिव्हिंगस्टन या शोधप्रवाशाच्या आफ्रिकेतल्या प्रवासात होते. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा जेकब वेनराइट या नाशिकला शिकलेल्या तरुणाने अंत्यप्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं. सोबत्यांनी शव खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेलं. पुढे १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनाला जेकब हजर होता. ‘नासिक बॉइज’पैकी बरेच जण मग मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनमध्ये स्थायिक झाले. ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. जेकबची छायाचित्रं उपलब्ध आहेत, ती पाहून व्यक्तिचित्र करता येईल. मोठी पट्टी घेऊन आफ्रिकेचा किनारा, मुंबई, नाशिक आणि परत आफ्रिका असा सगळा प्रवासही रंगवता येईल.

आता एक सावधगिरी. नाशिकची मुलं हमखास वारलीकडे वळतात, आणि बहुतेकदा चित्राच्या चौकटीला त्रिकोणी माणसांची नाचती किनार काढून थांबतात. वारल्यांच्या घरी लग्नात भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, सवाशिणींच्या हातून. मधोमध पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण मूळचं काम बायकांचं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबं आहेत. त्यांतलं कुणी वर्गात असेल तर आधी त्याला बोलू द्या. कदाचित तो बोहाडा या उत्सवातल्या मुखवट्यांबद्दलच सांगेल, आणि चौकापेक्षा मुखवटे करणं सगळ्यांना आवडेल. त्याची इच्छा नसेल तर आग्रह करू नका. वर्गात बसून एका पोराने अख्ख्या जमातीची बाजू मांडावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

लांब जायची तयारी असेल तर येवल्याचा पैठणीचा हातमाग आणि मालेगावचा यंत्रमाग एकाच कागदावर शेजारी काढता येतील. दोन्ही कापडच विणतात, पण खोली, आवाज, बोली, सगळंच वेगळं.

प्रदर्शन लावताना चित्राखाली फक्त मुलाचं नाव लिहू नका. माहिती कुणाकडून मिळाली, कुठे पाहिलं, कोणता प्रश्न विचारला, हेही दोन ओळींत लिहायला सांगा. आणि शिक्षकांना माझी विनंती कळवा : गुण देताना आधी त्या दोन ओळी वाचाव्यात, रंगकाम नंतर पाहावं.