पट्टा कुठे अडकवायचा होता?

शंभर रुपयांचा तो स्टॅम्प पेपर अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर लिहिलंय, उपचारांचा सर्व खर्च मिळाला, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. खाली सही, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. त्या कागदाच्या भरवशावर मी कित्येक महिने निवांत झोपलो. आज रद्दीवालाही त्याचे पैसे देणार नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरचं काय झालं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पुढचं वर्ष-दीड वर्ष उडालेली छपरं बसवताना आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांना जेवायची फुरसत नव्हती. माझी चार पोरं पुरेनात, म्हणून एका मुकादमाची टोळी घेतली. दर चौरस फुटावर. माणसं त्याची, हजेरी त्याची, मजुरी तो वाटणार, माझा हिशेब फक्त त्याच्याशी. सगळे असंच करतात. आजही करतायत.

फेब्रुवारी २०२१. दिवेआगरात एका वाडीतलं घर, मागच्या खोलीवर जुने सिमेंटचे पत्रे. असल्या पत्र्यावर चालायचं ते हुकांच्या रांगेवरून, कारण आधाराचा पाइप त्या रांगेखालीच असतो. मधे पाय पडला की संपलं. पण पंधरा-वीस पावसाळ्यांचं शेवाळ चढलेलं, हुकांची डोकी दिसत नव्हती. मी खाली वेल्डिंगची वायर ओढत होतो. वरून पापड मोडावा तसा आवाज आला आणि मुकादमाच्या टोळीतला एक पोरगा चौदा फुटांवरून उभाच्या उभा खाली आला. टाचेच्या हाडाचा चुरा, मणक्याला मार. वय तीस.

हॉस्पिटलचं बिल मी भरलं. एक लाख ऐंशी हजार. हे मी दहा वेळा सांगतो असं बायको म्हणते, तर अकराव्यांदा सांगतो. मुकादमानं दोन दिवस डबा आणला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

मी विमा काढला नव्हता असं नाही. वादळानंतर लगेच काढला होता. एजंट ओळखीतला. 'शेठ, सगळं कव्हर आहे, बिनधास्त राहा,' हे त्याचे शब्द. अपघातानंतर पॉलिसी उघडून बघितली ती अकरा महिन्यांनी, वकिलाची नोटीस हातात पडली तेव्हा. पोरगा तसा वाईट नाही, त्याच्या मेव्हण्यानं वकील गाठला. दावा करायची दोन वर्षांची मुदत असते, त्यांनी वर्षाच्या आतच हालचाल केली.

माझी होती ती गट अपघात पॉलिसी. त्यात माझ्या चार पोरांची नावं. कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी असते, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. अपघात विमा यादीतल्या माणसाला ठरलेली रक्कम देतो. भरपाईची पॉलिसी मालकावर कायद्यानं येणारा बोजा उचलते. तिचा हप्ता वर्षभराच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो, आणि ठेकेदाराची माणसं सांगून, लिहून घातली नाहीत तर त्यातही ती धरत नाहीत. एजंटला विचारलं तर म्हणाला, 'तुम्ही विचारलंच नाहीत.' हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

भरपाई आयुक्तांपुढे 'तो माझा माणूसच नाही' हा माझा बचाव पहिल्या तारखेलाच बाद झाला. १९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम १२ सांगत होतं की माझ्या धंद्यातलं नेहमीचं काम मी दुसऱ्याकडून करून घेतलं, तरी जखमी कामगार थेट माझ्याकडे मागू शकतो. मुकादमाकडून वसूल करायचा हक्क मला आहे. मुकादम सापडला तर. मग मी बिल भरल्यावर पोराकडून लिहून घेतलेला तो स्टॅम्प पेपर काढला. पोराच्या वकिलीणबाईंनी तो वाचलाही नाही. कामगारानं हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ प्रमाणे मुळातच रद्द. तडजोड करायची तर आयुक्तांकडे नोंदवावी लागत होती.

शेवटचा हुकमी एक्का काढला. सेफ्टी बेल्ट दिला होता, त्यानं घातला नाही, टेंपोतच ठेवला. कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडला असेल तर मालक सुटू शकतो, असं माझ्या वकिलानं सांगितलेलं. बाईंनी एकच विचारलं, 'पट्टा कुठे अडकवायचा होता?'

छपरावर दोरी बांधली नव्हती. नुसता पट्टा घालून तो काय हवेत अडकवणार? मी गप्प बसलो. आतापर्यंत जो राग मुकादमावर, एजंटवर, मेव्हण्यावर होता, तो त्या क्षणी कुठे ठेवावा ते मला कळेना. तरी बाईंनी हे सगळ्यांसमोर, त्या आवाजात विचारायची गरज नव्हती असं अजूनही वाटतं.

हिशेब कसा होतो ते बघा, कारण हे कुणी आधी सांगत नाही. मजुरी रोजची सहाशे, महिन्याची पंधरा हजारांवर. कायदा तेव्हा पंधरा हजारच धरत होता. ३ जानेवारी २०२० च्या आधी आठ हजार धरायचे, माझ्या वकिलाच्या डोक्यात तेच होते. त्याचे साठ टक्के नऊ हजार. तिशीचा गुणक २०७.९८. झाले १८,७१,८२०. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर एवढे, अंशतः असेल तर कमाईची ताकद जितकी गेली तितके टक्के. बोट, अंगठा, हात यांचे टक्के कायद्याच्या यादीत ठरलेले आहेत, अंगठ्याला ३०. टाच-मणका त्या यादीत नाही, तिथे डॉक्टरचा दाखला चालतो. आणि टक्के शरीराचे नव्हे, कमाईचे मोजतात. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गेलेल्या सुताराला शंभर टक्के धरलं होतं, कारण एका हातानं सुतारकी होत नाही. बाईंनी तेच पुढे केलं, छपरावर न चढणारा पत्रेवाला काय कामाचा? आमचं ५० टक्क्यांवर थांबलं. ९,३५,९१०.

वर बारा टक्के व्याज, अपघातानंतर महिनाभरात न दिल्यापासून. महिन्याला ९,३५९ रुपये. चाळीस महिन्यांचे पावणेचार लाख. मी भरलेले एक लाख ऐंशी हजार त्यातून वजा झाले नाहीत, औषधपाणी हा वेगळा खर्च. अर्ध्या रकमेपर्यंत दंडही लागू शकतो, तेवढा वाचला. भरपाईची पॉलिसी असती आणि तिच्यात व्याज वगळलेलं नसतं, तर व्याजही विमा कंपनीकडून मिळालं असतं. दंड मात्र मालकाच्याच खिशातून, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालापासून ठरलेलं आहे.

म्हणून धंदा करणाऱ्यांना सांगतो. एजंटला 'सगळं कव्हर आहे का' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. पॉलिसीवर कामगार भरपाई लिहिलंय का, उंचीवरचं काम लिहिलंय का, मुकादमाची माणसं धरलीत का, औषधोपचार जोडलेत का, हे कागदावर बोट ठेवून दाखवायला लावा. हजेरी तुमच्याही वहीत ठेवा. अपघात झाला की विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. आपल्या हिशेबानं जेवढं देणं निघतं तेवढं वाद न घालता कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरा, तेवढ्या रकमेचं व्याज तिथेच थांबतं. शिडी, हेल्मेट वगैरे तुम्हाला माहीत आहेच. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) बघा, तिथे विमा असलेल्या कामगाराचा हा दावा तुमच्यावर येत नाही.

आणि कामगारांनो, खर्च मिळाला म्हणून सही करू नका. माझ्यासारख्याला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, भरपाई मालकानं द्यायची हे तसंच आहे.

मुकादम परवा बोर्लीच्या नाक्यावर भेटला. नवी बाइक. मी काही बोलायच्या आत म्हणाला, 'शेठ, पावसाआधी पत्र्याची कामं असतील तर सांगा, सहा पोरं आहेत माझ्याकडे.' मी विचारलं, विमा आहे का त्यांचा? तो हसला आणि म्हणाला, 'तो तुमचा असतो ना?'